व्यापारी पेढीतून शेतमालाची ओळख

(व्यापारी व शेतकरी यांच्या एका मेळाव्यात केलेले भाषण)



शेतमालाचा प्रचार हे सरकारचे काम आहे, व्यापाऱ्यांनी त्यात कशाला पडावे, असे आपल्यातील काहीजण म्हणतात. त्यांच्यासाठी लॉस एंजेल्सची हकिकत सांगतो.

१८८७ साली दोन रेल्वे कंपन्यांत भाड्याची चुरस लागली आणि त्या गावी माणसांची रीघ लागली. जमिनीचे भाव भडकले. पुढच्याच वर्षी ते कोसळले. आखलेल्या प्लॉटांच्या खुंट्या तेवढ्या माळावर उरल्या. अशा पडत्या काळात, १८८८ मध्ये, तेथील व्यापाऱ्यांनी चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन केले. विकायला त्यांच्यापाशी काय होते? ऊन आणि त्या उन्हात पिकणारी फळे!

फ्रँक विगिन्स नावाच्या गृहस्थांकडे प्रदर्शनांची जबाबदारी सोपविण्यात आली. पुढे ते चेंबरचे चिटणीसही झाले. चेंबरच्या सभागृहात शेतमालाचे कायम प्रदर्शन मांडण्यात आले. तेथे अक्रोडांनी मढविलेला हत्ती उभा होता. हत्ती आपल्या देशातला, पण ही कल्पना आपल्याला सुचली नाही! १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात लॉस एंजेल्स परगण्याने संत्र्यांचा मनोरा उभारला. (हे फळ आपल्या नागपुरी संत्र्यासारखे सैल सालीचे नव्हे; ते मोसंबीच्या गोतातले.) बर्फात सहा-सहा महिने काढणाऱ्या शेतकऱ्याला तो मनोरा पाहून काय वाटले असेल, याची कल्पना आपण करावी. १८९० मध्ये सुमारे ५० हजार असलेली शहराची लोकसंख्या १९०० मध्ये १ लाखावर गेली. हे सारे श्रेय प्रदर्शनांचे, असे मी म्हणणार नाही. रेल्वेचा वाटा मोठाच होता.

मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या मनोऱ्यात फळे दिसत होती. फळे तोडणारे चिनी, जपानी व मेक्सिकन मजूर दिसत नव्हते. पाण्याचेही तसेच. १९१३ साली ओवेन्स खोऱ्याचे पाणी कालव्याने शहराकडे आणण्यात आले आणि त्या खोऱ्यातील शेती सुकत गेली. लॉस एंजेल्स परगणा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृषिउत्पन्नात देशात अग्रेसर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र, ज्या बागा दाखवून माणसे बोलाविली, त्याच बागा तोडून त्या माणसांसाठी घरे बांधण्यात आली.

म्हणून आपल्या नियोजित प्रदर्शनाच्या समितीत निम्मे सभासद शेतकरी असावेत, अशी सूचना मी अध्यक्षांपुढे ठेवतो.