गोळी परस्पर सोडू नका

आज रक्तातल्या चरबीविषयी बोलू. डॉक्टर तिला कोलेस्टेरॉल म्हणतात.

ही चरबी शरीराला थोडी लागतेच. आपले यकृतच ती तयार करते. पण ती फार वाढली, की रक्तवाहिन्यांत साचते. पाटात गाळ साचला, तर वाफ्याला पाणी पोचेल का? हृदयाचेही तसेच होते. चरबी वाढलेली दुखत नाही, खुपत नाही. रक्त तपासले तरच कळते.

यावर डॉक्टर स्टॅटिनची गोळी देतात. १९७३ साली जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतून असले पहिले औषध शोधले. या गोळीने यकृत चरबी कमी बनवते.

काहींच्या मांड्या, पोटऱ्या गोळीने दुखतात. मग माणूस म्हणतो, "मी धडधाकट होतो. गोळीनंच दुखणं आणलं!" आणि तो गोळी सोडतो. इथेच घात होतो. चरबी गुपचूप पुन्हा वाढते.

तसे करू नका. डॉक्टरांना सांगा. ते गोळी कमी करतील, नाहीतर बदलून देतील. अंग फार दुखून लघवी काळसर झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जोडीला पथ्य हवेच. डालडा, तळण कमी करा. भाकरी, उसळ, पालेभाजी खा. रोज चाला. विडी-तंबाखू सोडा.

अंग दुखले, तर गोळी उकिरड्यावर टाकू नका. ती घेऊन डॉक्टरांकडे जा.