हिरव्या पाटीची मोटार



पर्यावरणाला मानवेल अशी मोटार कोणती घ्यावी, हा विषय कामगार संघटनेच्या माणसाकडे का दिला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. आमच्या घरी मोटार नाही. एक जुनी स्कूटर आहे आणि तीही कुरकुरत चालते. परंतु मोटारी बनविणाऱ्या माणसांत आमची तीस वर्षे गेली. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यातील कारखान्यांच्या दारांवर सभा घेताना पिस्टन, गिअर, सायलेन्सर हे शब्द आमच्या कानांवरून इतके गेले आहेत की, आता ते घरच्या भांड्यांसारखे ओळखीचे झाले आहेत. शाळा दहावीलाच सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांच्या तोंडून. त्यामुळे आकडा दिसला की तो दोनदा तपासायची खोड लागली आहे. मागणीपत्रातला एक आकडा चुकला, तर व्यवस्थापन उरलेले सगळे आकडे नाकारते.

रस्त्याने जाताना आपण हिरव्या पाटीच्या मोटारी पाहता. पाटी हिरवी म्हणजे गाडी विजेची. ती धूर सोडीत नाही, आवाज करीत नाही, आणि मालक समाधानाने म्हणतो, 'आम्ही आमचा वाटा उचलला.' त्या मालकाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. चौकात दिवसभर उभा राहणारा वाहतूक पोलीस आणि फुटपाथवर बसणारी भाजीवाली यांच्या छातीत तेवढा धूर कमी जातो, ही लहान गोष्ट नव्हे. आमचा प्रश्न एवढाच की, गाडी चालविणारी वीज आली कोठून?

आपल्या देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीनचतुर्थांश वीज आजही कोळशावर होते. बिगरकोळशाची यंत्रे उभारण्यात देशाने मोठी मजल मारली आहे. २०२५ साली एकूण उभारलेल्या क्षमतेचा निम्मा भाग सूर्य, वारा, पाणी, अणू अशा साधनांचा झाला. पण उभारलेली क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष निघालेली वीज वेगळी. सूर्य रात्री कामावर नसतो. त्याची रात्रपाळी कोळसा करतो. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी गाडी दुपारी चार्ज करावी, कारण तेव्हा तारेतून येणाऱ्या विजेत सूर्याचा वाटा अधिक असतो.

आता थोडा ढोबळ हिशेब करू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वजनाने पेट्रोलपेक्षा अधिक वायू कसा, असे कोणी विचारील. तर जळताना हवेतला प्राणवायू त्यात मिळतो म्हणून. लहान पेट्रोल मोटार शहरात लिटरला १५ किलोमीटर गेली, तर १०० किलोमीटरला सुमारे १५ किलो वायू झाला. तेल विहिरीतून काढणे, शुद्ध करणे, पंपापर्यंत आणणे हे धरले तर तो १८ च्या घरात जातो. पेट्रोल आणि वीज दोन्ही वापरणारी हायब्रिड गाडी लिटरला २२ किलोमीटर देत असेल, तर तोच हिशेब साडेबाराच्या आसपास येतो. लहान विजेची मोटार १०० किलोमीटरला भिंतीतून १५ युनिट घेते. आपल्याकडे एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमहून थोडा अधिक वायू निघतो आणि काही वीज तारांतच गळते. म्हणजे ११ ते १३ किलो. याचा अर्थ विजेची लहान गाडी पेट्रोलपेक्षा निश्चित बरी, पण आजच्या घडीला चांगल्या हायब्रिडच्या फार पुढे नाही. आणि दोन टन वजनाची विजेची गाडी घेतली, जी १०० किलोमीटरला २० युनिट खाते, तर ती पाटी हिरवी असूनही लहान पेट्रोल गाडीच्या शेजारी जाऊन बसते! आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक आता याच उंच, जड जातीच्या आहेत. चार माणसांच्या कुटुंबाने बाजारातून कोथिंबीर आणायला दोन टन लोखंड हलवायचे, याला काय म्हणावे? शिवाय जड गाडीचे टायर अधिक झिजतात आणि ती धूळही हवेतच जाते.

येथे विजेच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. पेट्रोलची गाडी जसजशी म्हातारी होते तसतशी ती अधिक घाण करते. विजेची गाडी मात्र, देशातली वीज स्वच्छ होईल तशी, तीच गाडी असूनही स्वच्छ होत जाते.

पण तोवर धूर नाहीसा होत नाही, त्याची बदली होते. आमच्या गल्लीतून तो निघतो आणि चंद्रपूरला जाऊन राहतो. तेथील महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. औष्णिक केंद्रांच्या धुराड्यांतून गंधकाचा वायू किती सोडावा याची मानके केंद्र सरकारने २०१५ साली घातली. त्यांची मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली आणि २०२५ साली बहुसंख्य केंद्रांना गंधक धुऊन काढणारी यंत्रे बसविण्यातून सूटच मिळाली. पुण्यातील हिरव्या पाटीचा मालक आणि चंद्रपूरचा रहिवासी यांची गाठ कधी पडत नाही. ती पडावी एवढ्यासाठी हे सांगितले.

याउलट, सरकार आणि न्यायालय यांनी मनावर घेतले तेव्हा काय झाले, हेही पाहा. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसे नसलेले पेट्रोल मिळू लागले. १ एप्रिल २०२० पासून भारत-सहा मानके आली आणि इंधनातील गंधक दहा लक्ष भागांत ५० होता तो १० वर आला. यांपैकी एकही गोष्ट गिऱ्हाइकाने दुकानात निवड करून घडविलेली नाही.

सीएनजीविषयी विचारतात म्हणून सांगतो. तिच्यात काजळी फार कमी, आणि जो रोज बराच फिरतो पण विजेची गाडी ज्याच्या आवाक्यात नाही, त्याला ती चांगली. मात्र हा वायू न जळता गळला, तर तो हवा तापविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक पट जोरकस असतो. म्हणून नळ्यांची तपासणी टाळू नये. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे कौतुकही आपण ऐकतो. आता ते प्रमाण २० टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या दोनतृतीयांश, आणि आपल्याकडे ते मोठ्या प्रमाणावर उसातून येते. मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला उसाचे पाणी कोठून येते हे विचारा, म्हणजे त्या इंधनाच्या हिरवेपणाची दुसरी बाजू कळेल.

आता बॅटरी. बॅटरी म्हणजे कर्ज, असे आम्ही कामगारांना समजावतो. तीस युनिटची बॅटरी तयार होतानाच दोन-अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. १०० किलोमीटरमागे पाच-सहा किलोची बचत धरली, तर ते कर्ज फिटायला ४० हजार किलोमीटर लागतात. रोज ४० किलोमीटर कामावर जाणारा माणूस ते तीन वर्षांत फेडतो. त्याने विजेची लहान गाडी खुशाल घ्यावी. वर्षाकाठी ३ हजार किलोमीटर फिरणाऱ्या निवृत्त गृहस्थाला मात्र तेरा वर्षे लागतील! त्यांनी आपली जुनी गाडी धुराची तपासणी करून, टायरमध्ये हवा नीट भरून वापरावी हेच बरे. नवी गाडी कोणाच्या तरी भट्टीतूनच येते.

बॅटरी कोणत्या जातीची, हेही दुकानात विचारावे. काही जातींत कोबाल्ट लागतो. जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी बहुतांश काँगो या देशातून येतो आणि तेथील लहान खाणींत मुलांना राबविले जाते, हे जगजाहीर आहे. लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटरीत कोबाल्ट नसतो, आणि आपल्याकडील अनेक गाड्यांत आता तीच असते. बॅटरी संपल्यावर ती परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. विक्रेत्याने हे माहीत नाही असे म्हटले, तर त्याला लेखी विचारावे. लेखी विचारल्यावर पुष्कळांची स्मरणशक्ती सुधारते, हा आमच्या धंद्यातला अनुभव!

आणि ज्याला मोटारीवाचून भागते, त्याने उगाच लाजू नये. विजेवर माणसे वाहणे ही नवी कल्पना नव्हे. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावू लागली, ती १९६४ पर्यंत धावली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर निघाली, आणि १ जून २०२२ ला त्याच रस्त्यावर 'शिवाई' ही विजेची गाडी सुरू झाली. चाळीस माणसे एका बॅटरीवर जातात, तेव्हा आमचा वरचा सगळा हिशेब बदलतो. आपल्या गावात अशा गाड्या किती, आणि थांब्यावर सावली आहे का, हे नगरपालिकेला विचारणे मोटार निवडण्याइतकेच निकडीचे आहे.

शेवटी आमच्या माणसांविषयी. गेल्या वर्षी एका गेटसभेत एका तरुण कामगाराने विचारले, 'भाऊ, विजेच्या गाडीला पिस्टन असतो का?' नसतो. सायलेन्सर नसतो, इंजेक्टर नसतो, गिअरही नावापुरते. इंजिनाच्या शेकडो हलत्या भागांच्या जागी मोजके भाग येतात. तो पोरगा आठ वर्षे पिस्टनच घडवतो आहे, तोही कंत्राटी म्हणून. विजेची गाडी येऊ नये असे आम्ही त्याला सांगितले नाही. त्याच्या मुलीलाही हीच हवा घ्यायची आहे. आम्ही मागणीपत्रात एक कलम घातले: मोटरची वाइंडिंग, उच्च दाबाच्या तारांची जोडणी आणि बॅटरीची दुरुस्ती यांचे शिक्षण कामाच्या वेळात, पूर्ण पगारावर, आणि कंत्राटी कामगारांनाही. व्यवस्थापनाने पहिल्या दोन गोष्टी मान्य केल्या आहेत. 'कंत्राटी कामगारांनाही' या दोन शब्दांवर पुढच्या महिन्यात बैठक आहे.