एकखांबी तंबू

(भिवंडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



भिवंडीत येऊन बाहेरच्या माणसाने यंत्रमागाविषयी बोलावे हे धार्ष्ट्यच होय. तरीही आरंभ मागापासूनच करतो. वर्षानुवर्षे चाललेला जुना माग आजही कापड काढतो, तो लोखंडाच्या पुण्याईवर नव्हे. जॉबर त्याची नस ओळखतो म्हणून. जॉबर गावी गेला आणि माग अडला, म्हणजे मगच मालकाला त्याच्या कामाची किंमत कळते. आज मला अशाच, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या एका यंत्राविषयी बोलावयाचे आहे.

संगणकाने काय करावे हे सांगणारा मजकूर म्हणजे सॉफ्टवेअर. कंपन्या तो बहुधा कुलूपबंद ठेवतात. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने त्याविरुद्ध भूमिका घेतली. हा मजकूर कोणालाही वाचता, बदलता आणि दुसऱ्यास देता आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. १९९१ मध्ये आलेले लिनक्स हे त्याचे ठळक उदाहरण. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तेच आहे. या शहराभोवतीच्या गोदामांतून ज्यांचा माल देशभर जातो, त्या बड्या कंपन्यांचे संगणकीय व्यवहारही मोठ्या प्रमाणावर अशाच सामायिक मालमत्तेवर चालतात.

ही मालमत्ता सर्वांची आहे, याचा आपल्याला आनंद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिची निगा कोण राखतो, हा प्रश्न आपण विचारीत नाही. उत्तर अस्वस्थ करणारे आहे. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर दोष सापडला. इंटरनेटवरील बँक-व्यवहारांपासून पासवर्डांपर्यंत असंख्य गुपिते ज्याच्या भरवशावर होती, त्याची पूर्णवेळ निगा राखणारा एकच माणूस होता आणि त्यासाठी मिळणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर होत्या.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. एक्सझेड नावाचे, फाइलींचा आकार लहान करणारे सॉफ्टवेअर लिनक्सबरोबर जगभर जाते. फिनलंडचे लासे कॉलिन ते अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळीत होते. प्रकृतीमुळे पूर्वीइतके काम होत नाही आणि हे बिनपगारी, छंदाचे काम आहे, हे त्यांनी २०२२ मध्ये उघडपणे लिहिले. त्याच सुमारास काही नावांनी त्यांना टोचणी लावली होती, की काम होत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. एक मदतनीस पुढे आला, त्याने विश्वास संपादन केला आणि २०२४ च्या आरंभी त्याच विश्वासाच्या आडून सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा बसवला. दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी तो प्रकार उघड केला. म्हणून अनर्थ टळला. थकलेल्या माणसाला आपण मदत पोचवली नाही, तर ती दुसरा कोणी पोचवतो. आणि त्याचा हेतू काय असेल हे आपल्या हाती राहत नाही.

हे सारे दूरदेशीचे आहे असे समजू नका. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रुपयाचे नवे चिन्ह स्वीकारले. ते चिन्ह संगणकावर दिसावे यासाठी प्रत्येक फॉन्टमध्ये कोणीतरी ते रेखाटून बसवावे लागते. ज्या फॉन्टला वाली नव्हता, तेथे रुपयाच्या जागी रिकामा चौकोन आला. 'तऱ्हा' आणि 'दऱ्या' या शब्दांतील ऱ्य-ऱ्ह नीट उमटावेत, मराठी वळणाचे श आणि ल दिसावेत, यांमागेही कोणाची तरी चिकाटी असते. 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे मुक्त फॉन्ट रेड हॅट कंपनीने खुले केले आणि त्यांवर पुण्यातील अभियंत्यांनी अनेक वर्षे काम केले. कंपनीने हे केले, चांगलेच केले. परंतु आपल्या लिपीची निगा कोणा एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असावी काय?

मग कर्तव्य काय? पहिली गोष्ट, निगा राखणे हे श्रम आहेत असे मान्य केले पाहिजे. नव्या निर्मितीचे सत्कार होतात. डागडुजीला हार मिळत नाही. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. स्वीकारणे हा अर्धा भाग झाला. सरकार जे वापरते, त्याच्या निगराणीसाठी अंदाजपत्रकात तरतूद हवी, ही मागणी आपण केली पाहिजे. जर्मनीने २०२२ मध्ये याच कामासाठी सरकारी निधी उभारला आहे. तेव्हा ही मागणी स्वप्नाळू नाही. ज्या कंपन्या या मालमत्तेवर नफा कमावतात, त्यांच्याकडूनही वाटा मागणे न्याय्य आहे.

दुसरी गोष्ट पैशाने होत नाही. जॉबरच्या हाताखाली पोरगा तयार होतो, तसा प्रत्येक कामात दुसरा माणूस तयार झाला पाहिजे. दुसऱ्याने लिहिलेला जुना मजकूर वाचून समजून घेणे हे कष्टाचे, वेळखाऊ काम आहे. ते शिकवण्यासाठी जाणत्याला उसंत हवी. आपल्या मुलांपैकी जी संगणक शिकत आहेत, त्यांना या कामाकडे वळवा. ज्यांना प्रोग्राम लिहिता येत नाही, त्यांनी मराठी भाषांतर तपासावे, दोष आढळला तर तो नेमका लिहून कळवावा. तगादा लावणारे पुष्कळ असतात. नीट तक्रार लिहिणारा दुर्मीळ.

शेवटी एक घरचा आहेर. आपली वाचनालये, पतपेढ्या, कामगारांच्या संघटना आठवून पाहा. त्यांतील किती एका कार्यकर्त्याच्या खांद्यावर उभ्या राहिल्या आणि तो थकताच बसल्या? त्या माणसाला आपण निष्ठावंत म्हटले, त्याचे गुणगान केले आणि त्याला एकटे सोडले. सामायिक मालकी जाहीर करून समाजवाद येत नाही. विहीर गावाची असेल तर गाळ काढण्याची पाळीही गावाची असली पाहिजे. ती पाळी आपण लावून घेणार की नाही, एवढाच प्रश्न आहे.