जेवणाचे पैसे आधीच भरावेत का?

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं, की बुकिंग करतानाच प्रश्न येतो, डायनिंग प्लॅन, म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरण्याची योजना, घ्यायची का? 2020 मध्ये थांबलेली ही योजना जानेवारी 2024 पासून पुन्हा सुरू झाली. डिस्नेच्याच हॉटेलात पॅकेज घेऊन उतरणाऱ्यांसाठी ती असते.

जितक्या रात्रींचा मुक्काम, तितक्या दिवसांची जेवणं. साध्या योजनेत रोज काउंटरवरची दोन जेवणं आणि एक खाऊ. मोठ्या योजनेत त्यातलं एक जेवण टेबलावर बसून. वयाची तीन वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी ही योजना घ्यावीच लागते. आजीचं खाणं चिमणीएवढं असलं, तरी तिला दर मोठ्यांचाच.

इथेच आपल्या घरांनी थांबून हिशेब करावा. मांसाचं महाग ताट घ्या की भाजीचं स्वस्त, वजा होतं एकच जेवण. म्हणून शाकाहारी कुटुंबाला ही योजना सहसा परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. उरलेली जेवणं निघण्याच्या दिवशी मध्यरात्री बाद होतात. टिपही बहुतेक ठिकाणी वेगळी.

मुलांना मिकीच्या सोबतीनं जेवायचंच असेल, तर मात्र गणित बदलतं. तिथले दर मुळातच चढे असतात. मेनू आणि किमती डिस्नेच्या संकेतस्थळावर आहेत. आपण खरोखर काय मागवू, ते लिहून बेरीज करा.

आणि हो, पार्कात घरचं खाणं नेता येतं, पण काचेची बाटली आणि मद्य चालत नाही. काउंटरवर गार पाणी फुकट मिळतं. पिशवीत चिवडा, दशम्या असू द्या.