यादीला निवेदन कशाला?

मंडळी, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कोणी ना कोणी सीप्झला नाहीतर पवईला आयटी कंपनीत कामाला असेल. ‘डेटाबेस स्लो आहे’ हे वाक्य त्या घरांत रात्री जेवताना ऐकू येतं. आज मी डेटाबेसचं वकीलपत्र घेऊन आलो आहे.

समजा, घाटकोपरच्या एका मोठ्या सोसायटीनं तक्रारवही संगणकावर आणली. क्रमांक, तारीख, विषय आणि रहिवाशाचं सविस्तर निवेदन. गळतीवर लिहायला बसलं की तीनशे शब्द कसे होतात ते कमिटीवाल्यांना विचारा! म्हणजे सुमारे 6,000 बाइट. कारण यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. रोमन लिपीतलं मुलुंड 6 बाइटांत बसतं, आपलं मुलुंड 18 बाइट घेतं.

आता सेक्रेटरींना 500 तक्रारींची यादी हवी आहे. यादीत निवेदन दिसणारच नाही. क्रमांक, तारीख, विषय मिळून ओळीला 120 बाइट धरले तरी 60 हजारांत काम भागावं. पण प्रोग्रामरनं ‘सिलेक्ट स्टार’ लिहून ठेवलंय, सगळे रकाने द्या! मग 30 लाख बाइट उचलले जातात, पन्नासपट. आणि दोष डेटाबेसला.

पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर बिचारं शहाणं असतं. त्याचं पान 8 किलोबाइटचं. ओळ साधारण 2 किलोबाइटच्या वर गेली की ते लांब मजकूर आधी दाबून पाहतं, तरी मावला नाही तर तुकडे करून वेगळ्या तक्त्यात ठेवतं. तो रकाना मागितलाच नाही, तर तिकडे फिरकतही नाही. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मोठ्या मजकुराचा पत्ता आधी हाती येतो आणि मजकूर आणायला, नीट व्यवस्था केली नसेल तर, प्रत्येक ओळीमागे वेगळी फेरी पडते. फेरीला 20 मिलिसेकंद धरा. 500 फेऱ्यांचे झाले 10 सेकंद. इथे मेमरी वाढवून काही होत नाही, तरी खरेदीचा प्रस्ताव मात्र पहिला तोच येतो.

याउलट मराठी विकिपीडिया पाहा, 1 मे 2003 पासूनचा. लेख कितीही लांब असो, त्याचा ‘इतिहास’ चटकन उघडतो. तारीख, संपादक, बदलाचा सारांश ही माहिती एकीकडे, मजकूर दुसरीकडे. गंमत म्हणजे प्रत्येक आवृत्ती किती बाइटांची, हा आकडाही आधीच मोजून ठेवलेला असतो. लांबी सांगायला लेख उघडावा लागत नाही.

निवेदनांत शोध घेणं मात्र अवघड जागेचं दुखणं आहे. ‘मजकुरात कुठेही पाणी’ असं विचारलं की साधी सूची हात टेकते. एकेक निवेदन उघडून वाचावं लागतं. त्यावर पूर्ण मजकुराची सूची हा उपाय. पण पोस्टग्रेससोबत येणाऱ्या भाषांत हिंदी आहे, नेपाळी आहे, तमिळ आहे, मराठी नाही. त्यामुळे ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्याची टाकी’ सापडत नाही. म्हणून आपली मुलं पुन्हा ‘पाण’ एवढंच लिहून सगळी निवेदनं चाळायला लावतात, आणि त्याबद्दल मी त्यांना फारसा दोष देणार नाही.