खुराक आणि खाऊ



परसातल्या लाव्ह्यांपुढे मूठभर अळ्या टाकाव्यात आणि त्यांची धावपळ पाहत बसावे, यात गैर काही नाही. लाव्हा हा मुळातच किडे टिपणारा पक्षी आहे. १९७४ साली आपल्या देशात पाळण्यासाठी आणलेल्या जपानी लाव्ह्याचीही आवड तीच. गव्हाच्या कोंड्यात वाढणारी भुंगेऱ्याची अळी वाळवली, तर तिच्यात निम्म्याच्या आसपास प्रथिने भरतात.

परंतु आमचा उभा जन्म कामगारांत गेला. बक्षिसी पुढे करून पगार कापण्याची युक्ती आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. अळ्या दिल्या म्हणून खाद्य कमी केले, की लाव्ह्यांच्या बाबतीत तेच घडते. दीडशे-दोनशे ग्रॅमची मादी सुमारे १० ग्रॅमचे अंडे घालते, आणि भराच्या काळात जवळजवळ रोज घालते. त्याच्या कवचाला चुना, म्हणजे कॅल्शियम, लागतो. या अळीत तो नाममात्र असतो. खाऊनेच पोट भरलेली मादी खाद्य सोडते. मग कवच पातळ होते, आणि ती आपल्याच हाडांतला चुना अंड्याला पुरवू लागते. काम चालू राहते, कामगार झिजतो!

म्हणून आधी पूर्ण खाद्य, शेजारी शिंपल्यांचा चुरा, आणि मग चार-दोन अळ्या. फवारणी झालेल्या शेतातले किडे तर कदापि घालू नयेत. अंडे हवे असेल, तर घालणारीची मजुरी आधी चुकती करावी, बक्षिसी मागाहून.