माथा आफ्रिकेचा, सीमा बर्फाची
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"भूगोलावर बोल, पण कोणाला झोप येऊ देऊ नकोस," अशी तंबी संयोजकांनी दिली आहे. म्हणून आपण सगळ्यांनी चॉकलेटच्या वेष्टनावर पाहिलेल्या डोंगरापासून सुरुवात करतो. हा मॅटरहॉर्न. उंची 4478 मीटर. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवरच्या पेनाइन आल्प्स रांगेतला. उत्तर उतारावरचं पाणी ऱ्होन नदीतून भूमध्य समुद्राला मिळतं, दक्षिणेचं पो नदीतून एड्रियाटिकला. रांगेचा जलविभाजक तीच बहुतांशी देशांची सीमा.

'वली पर्वत' आठवतो ना? दोन्हीकडून दाब आला, थरांना वळ्या पडल्या, पर्वत तयार झाला. सर टेबलावरची चादर दोन हातांनी ढकलून दाखवायचे. ते बरोबरच आहे, पण इथे चादर पुरत नाही. इथे जाडजूड खडकांच्या चादरी बुडापासून सुटून एकमेकींवर चढल्या आहेत.

आपल्या सह्याद्रीचं गणित सोपं. लाव्ह्यावर लाव्हा साचत गेला. कड्याकडे पाहिलं की खालचा थर जुना, वरचा नवा. मॅटरहॉर्नवर हे उलटं आहे. पायथ्याशी आणि झेरमॅट गावाच्या परिसरात जो हिरवट सर्पेंटिनाइट आणि बेसाल्टपासून बदललेला खडक दिसतो, तो सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ आहे. युरोप आणि आफ्रिका यांच्या मधला तो समुद्र आज नाही. त्याच्या डोक्यावर जो पट्टेदार नाइस खडकाचा सुळका आहे, तो मूळचा सुमारे 29 कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट, आणि तोही समुद्रापलीकडच्या, म्हणजे आफ्रिकेच्या बाजूच्या भूखंडाचा. थोडक्यात, मॅटरहॉर्नचा माथा आफ्रिकेकडचा आहे.

समुद्र मिटताना त्याचा तळ खाली ढकलला गेला. किती खाली? इटलीच्या बाजूला लागो दि चिन्याना नावाचा तलाव आहे. तिथल्या खडकात कोएसाइट हे खनिज सापडलं. ते क्वार्ट्‌झचंच दाट रूप. तयार व्हायला सुमारे 90 किलोमीटर खोलीचा दाब लागतो. म्हणजे समुद्रतळ तितका खाली जाऊन पुन्हा वर आला. मला स्वतःला शिखरापेक्षा हे जास्त थरारक वाटतं.

शेजारचा माँते रोझा आणखी गंमतशीर. त्याचं द्युफूर शिखर 4634 मीटर, म्हणजे मॅटरहॉर्नहून उंच. पण थरांच्या उतरंडीत त्याचा खडक सर्वांत खालचा आहे, युरोपच्या बाजूचा. नंतर तो भाग घुमटासारखा वर फुगला आणि वरच्या चादरी झिजून गेल्या. मॅटरहॉर्नचा टोकदार आकार मात्र हिमनद्यांनी चहूबाजूंनी कोरून दिला. पाठ्यपुस्तकातल्या 'गिरिशृंगा'चं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

आता सीमेकडे येऊ. खडकाच्या धारेवर जलविभाजक पक्का असतो. पण काही ठिकाणी तो हिमनदीच्या पाठीवरून जातो, आणि बर्फ वितळला की पाणी कुठे वळायचं ते बदलतं. टेस्टा ग्रिजा इथे 3480 मीटरवर इटलीचं एक निवासस्थान आहे. 1984 मध्ये बांधलं तेव्हा ते संपूर्ण इटलीत होतं. थिओड्यूल हिमनदी आटत गेली, जलविभाजक सरकला, आणि इमारतीचा बराचसा भाग तांत्रिकदृष्ट्या स्वित्झर्लंडमध्ये गेला. कल्पना करा, जेवायला इटलीत बसायचं आणि झोपायला स्वित्झर्लंडमध्ये जायचं! हसू येतं, पण तिथे स्कीइंगचा मोठा धंदा असल्याने दोन्ही सरकारांना बरीच वर्षं घासाघीस करावी लागली. 2023 मध्ये तोडगा ठरला. 2024 च्या सप्टेंबरात स्वित्झर्लंडने त्याला मंजुरी दिली.

या खिंडीतून माणसं ये-जा करत आली, त्याला देशांच्या सीमांहून जुना इतिहास आहे. थिओड्यूल खिंडीत रोमन नाणी सापडली आहेत. तेराव्या शतकात व्हॅले प्रांतातले जर्मनभाषक वाल्झर लोक माँते रोझाच्या पलीकडे उतरून वसले. इटलीतल्या ग्रेसोनी, अलान्या या गावांत त्यांची बोली अजून पूर्ण विझलेली नाही.

सीमेच्या वादात इमारत सोपी. खरा प्रश्न पाण्याचा आहे. स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांनी 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत एकूण बर्फाच्या सुमारे 10 टक्के बर्फ गमावला. पेनाइन आल्प्समधलं ग्रांद दिझांस धरण 285 मीटर उंच आहे, आपल्या कोयनेच्या पावणेतीनपट. साठा मात्र कोयनेच्या साधारण सातवा हिस्सा. हे धरण 35 हिमनद्यांचं पाणी बोगद्यांतून गोळा करतं, झेरमॅटच्या दरीतलंही. उन्हाळ्यात बर्फ वितळून धरण भरायचं आणि हिवाळ्यात वीज करायची, असा त्याचा हिशेब आहे. सध्या बर्फ जास्त वितळतो, म्हणून काही वर्षं पाणी भरपूर दिसतं. हिमनद्या आक्रसल्या की उन्हाळ्यातला हा ओघही आटेल, आणि मग धरणाची भिस्त त्या वर्षी पडलेल्या हिमावर आणि पावसावरच राहील.